आखूड बोट

१

सकाळचं आमचं ठरलेलं असतं. आमच्या दांडी गावच्या किनाऱ्याला बोटी लागल्या, बोंबलाच्या पाट्या अंगणात उतरल्या, की आम्ही तिघी बांबू रोवून दोऱ्या ताणलेल्या वलांडीखाली उभ्या. बोंबील सुकवायची एक रीत आहे. एकाचं तोंड दुसऱ्याच्या तोंडात घालायचं, दातांत दात अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकून द्यायची. वारा कितीही सुटो, जोडी सुटत नाही. आमच्याकडे त्या जोडीला नवराबायको म्हणतात, आणि वर हसतात.

तिघी म्हणजे मी, माझी सून मंजुळा आणि नातसून रिद्धी. रिद्धीला सातवा लागलेला. पहिलंच पोट! घरात काय सांगू, मला तर रात्री झोप नव्हती आनंदाने. ओटी कधी भरायची, हिरवं लुगडं कुठलं घ्यायचं, पुरण करायचं की नारळाच्या करंज्या, सगळं डोक्यात घोळत होतं. सातव्यात ओटी भरायची आणि पोरीला बाळंतपणाला माहेरी पाठवायची, ही आमची जुनी चाल. रिद्धीचं माहेर एडवणचं.

निमेश माझा नातू, तिचा नवरा. तो बोईसरच्या एका कारखान्यात रातपाळी करतो. सकाळी येतो, चहा पितो, पडवीतल्या खाटेवर आडवा होतो आणि दुपार कलेपर्यंत घोरतो. आम्ही अंगणात हळू बोलतो. हेही ठरलेलंच.

त्या दिवशी रिद्धीने वरच्या दोरीसाठी हात उंच केले आणि तिच्या गाऊनचा गळा खांद्यावरून सरकला. मागे, मानेखाली, लालभडक वळ.

"ह्ये काय गो?"

"वलांडी लागली, आजी."

"वलांडीला बोटं कधीपासून फुटली?"

मंजुळा पाटीत बघत राहिली. रिद्धी हसली, पण डोळे भरले. मी तिला चुलीजवळ नेली, तेलात हळद गरम केली आणि लावायला बसले. वळ ताजा होता. करंगळी, शेजारचं, मधलं, तिन्ही बोटं लांबसडक उमटलेली. अंगठाही. पण अंगठ्याजवळचं बोट? ते एका पेरावर संपलं होतं. पुढे पोरीची गोरी कातडी, कोरी.

माझा हात तिथेच थांबला. हळद थेंबाथेंबाने तिच्या पाठीवरून गळत होती.

"आजी, पोळतंय," रिद्धी म्हणाली.

तो हात मी ओळखत होते.

२

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते. मेलेल्याला कशाला भ्यायचं? वामन. डोलीच्या जाळ्याचा दोर ओढताना त्याच्या उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट दोरात सापडलं आणि दोन पेरं समुद्राने घेतली. उरलं ते एक ठोंब. त्या हाताने त्याने बोटी सांभाळल्या, मासळी भरली, आणि मला मारलं. माझ्या गालावर तो हात इतक्यांदा उमटलाय की अंधारातसुद्धा मी बोटं मोजून सांगेन.

पण वामन जाऊन किती पावसाळे झाले! निमेशचा बाप तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा होता. निमेशचा तर पत्ताच नव्हता. त्याने आजोबा बघितला तो फक्त भिंतीवरच्या फोटोत, आणि त्या फोटोत हात नाहीत, नुसतं डोकं आणि टोपी.

तुम्ही म्हणाल म्हातारीला भास झाला. मीही तेच म्हणाले. शाळेचं तोंड मी बघितलेलं नाही, पण डोकं काही गहाण टाकलेलं नाही. मी म्हटलं, मारताना त्याने ते बोट मिटलं असेल. किंवा पोरीने अंग चोरलं असेल. बोटाचं टोक लागलंच नसेल. शंभर कारणं असतात.

दुसऱ्या सकाळी निमेश आला तेव्हा मी त्याच्या हातावर डोळा ठेवून बसले. पाची बोटं, धड, नखंसुद्धा कापलेली. त्याने उजव्या हातात कप धरला आणि लगेच डाव्यात घेतला.

"काय रे?"

"काय नाय. मुंग्या येतात. हात झोपतो."

"डॉक्टरला दाखव की."

"हात झोपतो म्हणून कोण डॉक्टरकडं जातो, आजी? बायका जातात." असं म्हणून तो हसला. मग छाती चोळली. त्याचं तोंड सुजल्यासारखं होतं, डोळ्यांखाली काळं. तिशीच्या आत-बाहेरचा पोरगा, आणि पायरी चढताना त्याला धाप लागत होती.

अंगणात रिद्धीने जवळा, ती बारीक कोलंबी, सुकवायला खळं शेणाने सारवलं होतं, अजून ओलं होतं. निमेशचा पाय घसरला आणि त्याने उजवा हात टेकला. मी धावले. तो उठून शिव्या देत आत गेला. मी मात्र तिथेच वाकून बघत राहिले. पाच बोटं! पाचही पुरी! जीव असा हलका झाला की मी मंजुळेला हाक मारून म्हटलं, "आज पापलेट कर गो!"

"कुठून आणू पापलेट? बोंबील खा गुमान," ती म्हणाली.

मग दुपार झाली. ऊन डोक्यावर, वारा पडलेला, बोंबील दोरीवर गप्प. मी पडवीच्या पायरीवर लसूण सोलत बसले होते. आत निमेश घोरत होता. आणि त्याच्या घोरण्याखाली एक आवाज येत होता. कोणीतरी खाटेच्या लाकडावर बोटं वाजवत होतं. करंगळीपासून सुरुवात. टक, टक, टक. मग चौथ्या टकेची जागा. तिथे काहीच नाही. पुन्हा टक, टक, टक. पुन्हा ती रिकामी जागा.

वामन जेवणाची वाट बघत बसला की ताटावर असाच वाजवायचा. वाट बघणं संपलं की हात उचलायचा.

मी वळून बघितलं. निमेशचं तोंड उघडं होतं, लाळ उशीवर गळत होती. गाढ झोपलेला माणूस. उजवा हात चादरीखाली होता आणि चादर हलत होती.

३

"उधाणाचे दिवस हायेत," रिद्धीच्या वळाचं काढलं तशी मंजुळा म्हणाली. "उतरतील."

आमच्याकडे सगळं समुद्रावर लावतात. अमावस्या-पुनवेला पाणी चढतं, त्याला उधाण. मधल्या दिवसांत पाणी मरगळतं, त्याला भांग. बायकांनी आपल्या मनाशी ठरवून टाकलंय की पुरुषाचं रक्त पाण्याबरोबर चढतं. उधाणात तोंडी लागू नये, ताट लवकर वाढावं, समोरून जाऊ नये. भांग आली की माणूस आपोआप निवतो. आईने लेकीला शिकवलं, सासूने सुनेला. दुसऱ्या गावच्या बाया हसतील, पण इथे कितीतरी जणींनी आयुष्य असंच काढलंय, पाण्याकडे बघत.

"अगो, काल अष्टमी होती," मी म्हटलं. "भर भांग! पाणी खाडीच्या तोंडाशीसुद्धा आलं नाय. उधाण कसलं?"

मंजुळेने बोटांवर तिथी मोजली. पुन्हा मोजली. तिच्या हातातली बोंबलाची जोडी सुटून पाटीत पडली.

मी तिला सगळं सांगितलं. वळ, ठोंब, वाजणारी बोटं. मला वाटलं ती म्हणेल, आये, डोकं फिरलं तुझं. पण ती उठली, आतल्या खोलीत गेली, मला खुणेने बोलावलं, दार लोटलं. पाठ माझ्याकडे करून उभी राहिली.

"माझ्याबी पाठीवर असाच उठायचा, आये."

"कसा?"

"असाच. ह्ये बोट आखूड." तिने स्वतःचं अंगठ्याजवळचं बोट मिटून दाखवलं. "मी आरशात बघायची. मला वाटायचं ह्यांची मारायची तऱ्हाच तशी."

माझा पोरगा, तिचा नवरा, तिच्यावर हात टाकायचा हे मला ठाऊक होतं. मी मध्ये पडायचे, फुंकणीने त्याला बडवलाय मी! पण अंगावरचे वळ मंजुळेने कधी दाखवले नाहीत, पदर असा लपेटून घ्यायची. आणि माझ्या पोराची पाचही बोटं शाबूत होती. मी जन्म दिला, मी मोजली होती.

"मग बंद कसं झालं?" मी विचारलं. तसं बघितलं तर मला माहीत होतं.

"बंद कुठं झालं? ते गेले." मंजुळा भिंतीकडे बघत बोलत होती. "आधी हात झोपायचा म्हणायचे. मग रातीची झोप गेली. मग छातीत दुखायचं, सांगायचे नाय. दारू वाढली. एक दिस जेवताना ताटावरच पडले."

वामनही असाच गेला. हात झोपतो म्हणायचा. झोप नाही, छातीवर दगड, आणि जो समोर येईल त्याच्यावर राग. भर भांगेत, भरल्या ताटावर पडला. पंचेचाळीसच्या पुढे ह्या घरातला पुरुष गेलेला नाही.

बाहेर रिद्धी गाणं गुणगुणत जवळा पसरत होती. एका हातात फावडी, एक हात पोटावर.

"हिच्या पोटावर पडला तर?" मंजुळा म्हणाली. आणि माझ्या अंगात अशी काही वीज शिरली, की गुडघे दुखायचे थांबले.

४

मी निमेशला खोटं सांगितलं. "मला चक्कर येते, दवाखान्यात ने." माझ्यासाठी तो येतो. तसा वाईट पोरगा नाही, हे सांगायला नको, पण आहे खरं.

सरकारी दवाखान्यात दीपिका सिस्टर असते. हसरी, बडबडी. तिने माझ्या दंडाला पट्टा बांधला, मशीन घरघरलं, आकडा आला. "आजी, तुमी तर माझ्यापेक्षा तरण्या!"

"मग आता ह्याचं बघ," मी म्हटलं. "फुकट हाय ना?"

निमेश नको नको म्हणत बसला. डाव्या दंडाचा आकडा बघून सिस्टरचं हसू गेलं. "दादा, डोकं दुखत नाय तुमचं?"

"रातपाळीत सगळ्यांचं दुखतं."

"उजवा द्या."

तिने उजव्या दंडाला पट्टा बांधला. मशीन फुगलं, घरघरलं, फुस्स झालं. काचेवर नुसत्या रेघा. तिने पुन्हा लावलं. रेघा. तिने पट्टा सोडून माझ्या दंडाला लावला, आकडा आला. परत त्याच्या उजव्या दंडाला लावला. रेघाच. मग तिने मशीन बाजूला सारलं आणि त्याच्या मनगटावर आपली बोटं ठेवली. ती बराच वेळ जागा बदलत राहिली. पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

"मूठ मिटा," ती म्हणाली. त्याने मिटली. "उघडा." त्याने उघडली. हात नीट चालत होता. सिस्टरने तो टेबलावर ठेवला, एखादी परक्याची वस्तू ठेवावी तसा, आणि आपली बोटं पदराला पुसली. नाडी लागत नाही, हे ती बोललीच नाही. मी तिच्या तोंडावरून ओळखलं.

"रक्ताची वाट कुठंतरी अडली असेल," ती शेवटी म्हणाली. ती स्वतःलाच समजावत होती असं मला वाटलं. "मोठ्या डॉक्टरला दाखवा. आज. उद्या नाय. चिठ्ठी देते." मग तिने आवाज खाली केला. "दादा, राग येतो? घरी हात उचलता?"

निमेशने सदऱ्याची बाही खाली ओढली.

"तेबी सांगा डॉक्टरला. एक सांगाल नि एक लपवाल, तर दोन्ही बरं होणार नाय."

परत येताना रिक्षात कारखान्यांच्या रस्त्याचा तो वास, टँकरची रांग, हॉर्न. तारापूरच्या वळणावर त्याने एकदम माझा पदर धरला, लहान असताना धरायचा तसा.

"आजी, देवाशप्पथ, मला कळत नाय. ती काहीतरी बोलते, नि मी बघतो तर हात लागून गेलेला असतो. मी नाय मारत. हात मारतो."

मला सांगून टाकावंसं वाटलं, की खरं आहे बाळा, तो तुझा नाहीच. पण जीभ चावली मी. किती बायांना ऐकायला लागलंय हे! दारूने मारलं, उधाणाने मारलं, हाताने मारलं. मारणारा कायम दुसराच कोणीतरी.

"हात खांद्याला हाय, निमेश. खांदा तुझा हाय. तिच्यापासून लांब र्‍हा, नि डॉक्टरकडं चल. दोन्ही तुझ्या पायाने होतात, त्याला हात लागत नाय."

तो रडला. खूप रडला. पण घर आलं तसा त्याने तोंड पुसलं, उतरला, आणि त्याचा आवाज बदलला. "रिद्धीला काय सांगायचं नाय. डॉक्टर सुट्टीच्या दिवशी बघू. नि ते ओटीबिटी काय नाय. ती कुठं जाणार नाय. बाळंतपण इथंच."

बोलताना त्याचा उजवा हात दाराच्या चौकटीवर होता. टक, टक, टक. आणि गप्प.

५

ओटी आम्ही दुसऱ्याच दिवशी भरली. भर दुपारी, तो झोपलेला असताना!

असली ओटी कोणी बघितली नसेल. ना गाणी, ना शेजारणी, ना वाजंत्री. आतल्या खोलीत पाट मांडला, रिद्धीला बसवलं. मंजुळेने हिरव्या बांगड्या आणल्या, मी नारळ, तांदूळ, खण. आणि काय सांगू, आम्हाला हसू येत होतं! चोरून आंबे पाडणाऱ्या पोरींसारखं. मंजुळेने कुंकू लावताना माझ्या कपाळालाही बोट पुसलं, मग एकदम लक्षात आलं आणि दोघी विधवा तोंडावर पदर दाबून हसत सुटलो.

"बांगड्या वाजवू नको गो!"

"मग हिरव्या कशाला भरल्या, मम्मी?" रिद्धी म्हणाली, आणि तीही हसली. किती दिवसांनी!

मंजुळा तिच्याबरोबर जाणार होती. तिने स्वतःहून सांगितलं. ज्या बाईने आयुष्यभर पाणी उतरायची वाट बघितली, ती म्हणाली, "मी एडवणला सोडते नि तिथंच र्‍हाते. पोरगा माझा हाय, पण ही पोर आता एकटी जाणार नाय." मी राहणार होते. निमेश उठला की त्याला चिठ्ठीसकट मोठ्या दवाखान्यात न्यायचं, ते माझं काम. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा उभी होती. रिक्षावाला बोईसरचा, हिंदी बोलणारा. मुद्दाम गावातला घेतला नव्हता.

रिद्धी उठली आणि तिथेच थांबली. "आजी, मी गेले तर ह्यांना कोण बघेल? ते आजारी हायेत."

"आजारी हाय म्हणूनच जा. तू समोर असशील तोवर तो डॉक्टरकडं जायचा नाय. दुखेल तेवढं तुझ्यावर काढील."

बाहेर जायची वाट एकच, पडवीतून, खाटेजवळून. मंजुळा पुढे गेली, पिशवी छातीशी धरून. मागे रिद्धी, ओटीचा पदर सावरत. मी शेवटी. निमेश भिंतीकडे तोंड करून झोपला होता. घोरणं एकसारखं. बाहेरचं ऊन अंगणातून उसळून पडवीत येत होतं, इतकं, की कौलांचे वासे मोजावेत. अंधार नव्हता, सावली नव्हती. जे बघितलं ते लख्ख बघितलं.

चादर हलली. हात बाहेर आला. निमेशची पाठ आमच्याकडे, खांदा जागचा हलला नाही, आणि हात चादरीच्या कडेखालून सरकत खाटेबाहेर आला. त्याने आधी हवेत चाचपलं, आंधळा माणूस दार शोधतो तसं. मग थांबला. मग रिद्धीच्या ओटीचा पदर धरला.

ती ओरडली नाही. शाबास पोरीची. तिने फक्त माझ्याकडे बघितलं. तांदळाचे दाणे जमिनीवर सांडत होते, टपटप, आणि ती मूठ पदर गोळा करत होती. हळू, पोटाच्या दिशेने.

मी वाकले. मला भीती वाटली का? वाटली. पण भीतीपेक्षा मोठं काहीतरी अंगात उसळलं होतं, जत्रेत झोपाळा वर जातो तेव्हा येतं ना, तसं. मी त्या हाताच्या पाठीवर माझा हात ठेवला. थंडगार. बर्फातल्या मासळीसारखा. आणि अंगठ्याजवळ एका पेराचं ठोंब.

"वामन," मी त्याच्या कानाशी नाही, हाताशी म्हटलं. "ती तुझी कोण नाय. तुझी मी."

मूठ सैल झाली. मी पदर सोडवला आणि त्या जागी माझं मनगट दिलं.

६

"जा," मी म्हटलं. दोघी गेल्या. रिद्धीने एकदा मागे बघितलं, मी मान हलवली, नको म्हणून.

मी खाटेजवळ जमिनीवर बसले, दोन्ही हातांनी तो एक हात धरून. निमेश घोरतच होता. गल्लीच्या तोंडाशी रिक्षावाला म्हणाला, "माताजी, सामान पीछे रख दो," आणि मग रिक्षा सुरू झाली. आवाज ऐकून हाताने झटका दिला. जाळ्यात मोठा मासा लागला की दोर असा ओढतो. मी पाय भिंतीला लावले आणि धरून ठेवला. म्हातारीचं बळ ते किती! पण मासळीच्या पाट्या मी डोक्यावरून बोईसरपर्यंत नेल्यात, लुगड्याचा काष्टा मारून. सोडला नाही.

रिक्षाचा आवाज शाळेपाशी गेला. पुलापाशी गेला. मग समुद्राचाच तेवढा राहिला.

हात शांत झाला. त्याने माझं मनगट चाचपलं, बांगडी नसलेली जागा चाचपली. माझी हाडं, माझी सुरकुतलेली कातडी. तो मला ओळखत होता की काय कोण जाणे. मी त्याच्याशी बोलत बसले. काय बोलले ते इथे सांगणार नाही, ते नवराबायकोचं आहे. पण एक सांगते, मी ओरडले नाही, रडले नाही, आणि पहिल्यांदा त्याने माझं सगळं ऐकून घेतलं.

किती वेळ गेला माहीत नाही. मंजुळेचा फोन आला. मोबाइल माझ्या कमरेला खोचलेला होता, तो मी मोकळ्या हाताने काढून हनुवटीखाली दाबला. मागे कोणाचा तरी कुत्रा भुंकत होता, भांडी वाजत होती, रिद्धी कोणाला तरी सांगत होती की जेवण नको, आधी पाणी दे.

"आये, पोचलो," मंजुळा म्हणाली. "पोर खुशाल हाय. पोटातलं लाथा मारतंय नुसतं!"

मी हसले. मोठ्याने हसले, आणि त्या आवाजाने निमेश जागा झाला. कूस बदलून तो माझ्याकडे वळला. तोंडावर घाम होता, पण रंग आला होता. ताप उतरल्यावर येतो तसा.

"आजी? इथं काय करतेस? रिद्धी कुठंय?"

"एडवणला. मंजुळा गेली सोबत. ओटी भरून पाठवली." मी सांगितलं. "नि ती परत कधी येईल ते ती ठरवील, तू नाय. तू आता चिठ्ठी घे, नि दवाखान्यात चल."

मला वाटलं तो उठेल, ओरडेल. त्याने नुसता मोठा श्वास घेतला. मग रडवेला झाला, मग थांबला, आणि म्हणाला, "आजी, हात गरम लागतोय. मुंग्या नाय. कितीतरी महिन्यांनी." आणि उठून बसत त्याने दोन्ही तळव्यांनी आपले डोळे चोळले.

दोन्ही तळव्यांनी. डावा आणि उजवा. पाच बोटं आणि पाच बोटं.

"येतो मी," तो म्हणाला. "तोंड धुतो. चल तूबी."

"तू हो पुढं," मी म्हटलं. आवाज मी कसाबसा सरळ ठेवला. पोरगं पहिल्यांदा आपण होऊन डॉक्टरकडे निघालं होतं, त्याला आता थांबवायचं नव्हतं. "शेजारच्या रत्नाबाईच्या पोराला घे सोबत. मी येते मागनं."

तो सदरा अडकवून, चिठ्ठी खिशात घालून अंगण ओलांडून गेला. बोंबलाच्या वलांडीखालून वाकून, भराभर. माझ्याकडे त्याने नीट बघितलंच नाही. बघितलं असतं तर विचारलं असतं, की म्हातारी खाली मांडी घालून, हात खाटेखाली घालून का बसली आहे.

मी तरी काय सांगणार होते? उठायला मी केव्हाची बघत होते. पण आता मी धरलं नव्हतं, खाटेखाली त्या आखूड बोटाच्या हाताने मला धरलं होतं.